दिवाणात लपवलेली बॅग

नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या आणि मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या 29 वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पहिलं बाळंतपण, 34 वा आठवडा चालू, तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली. दवाखाना रामदासपेठेत. इंटरनेटवरून यादी काढून त्यांनी दवाखान्यात न्यायची बॅग भरायला घेतली, तर सासूबाईंनी हटकलं, "काहून एवढी घाई? लेकराचं सामान आधी आणत नाही आपल्यात. सुखरूप हाती येऊ दे, मग आणा काय आणाचं ते." नवऱ्याचं म्हणणं, "टेन्शन नको घेऊ, दवाखान्यासमोर सगळं भेटते." गोंदियाहून आई रोज फोनवर विचारते, बॅग झाली का. शेवटी यांनी गुपचूप बॅग भरली, एकीच्या दोन झाल्या आणि दोन्ही बेडरूममधल्या दिवाणात, गादीखाली लपवल्या. त्या लिहितात, "यादीत 62 वस्तू आहेत, 18 अजून राहिल्यात. सासूबाईंना दुखवायचं नाही, पण तयारी झाल्याशिवाय झोप लागत नाही. माझं चुकतंय का? त्यांना कसं समजावू?"

बॅग भरलीत ते बरोबर केलंत. ती दिवाणात ठेवलीत, तेवढं आजच बदला.

असं समजा, रात्री अडीचला पाणी जायला लागलं. नवरा गाडी काढायला खाली गेलाय. तुम्ही भिंतीला धरून उभ्या आहात आणि कळ येते तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही. गादी कोण उचलणार? गादीखालचं झाकण कोण उघडणार? तिथे बॅग आहे हे तुमच्याशिवाय घरात कोणाला ठाऊकच नाही. पुढे दवाखान्यातही तेच. आतून नर्स येऊन "दुपटं द्या" म्हणते तेव्हा बाहेरच्या बाकावर सासूबाई बसलेल्या असतात. "रक्तगटाचा रिपोर्ट दाखवा" असं काउंटरवर विचारतात तेव्हा समोर नवरा उभा असतो. बॅग भरणाऱ्या तुम्ही असलात तरी ती उघडणारे हे दोघं आहेत, आणि नेमकं त्या दोघांनाच तुम्ही तिच्यापासून लांब ठेवलंय. म्हणून "कसं समजावू" यापेक्षा यातलं कोणतं काम कोणाकडे द्यावं, हे ठरवणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

सासूबाईंपासून सुरुवात करू. त्यांचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय, ते पुन्हा वाचा. त्या "लेकराचं सामान" म्हणाल्या. तुमचे गाऊन, तुमची फाइल, तुमची औषधं यांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही. 'सासूबाई बॅगेच्या विरोधात आहेत' हा निष्कर्ष तुमचा आहे. तुमची बॅग तुम्ही उद्या त्यांच्यासमोर हॉलमध्ये बसून भरलीत तर त्या काही म्हणतील असं मला वाटत नाही. उलट "पेटीकोट जुने घे, नवे खराब होतात" असा सल्लाही देतील.

राहिलं बाळाचं. बाळ यायच्या आधी कपडे आणायचे नाहीत, पाळणा टांगायचा नाही, असं मानणारी घरं इतवारीपासून प्रतापनगरपर्यंत कुठेही सापडतील. मला स्वतःला ही समजूत पटत नाही. पण ती मूर्खपणातून आलेली नाही. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाची व्हायच्या आत दगावत होती. 2020 साली हा आकडा 28 वर आला. सासूबाईंना हा नियम ज्या आयाबायांनी सांगितला, त्या पहिल्या आकड्याच्या काळात बाळंत झालेल्या. घरात शिवून ठेवलेली झबली आणि बाळ मात्र नाही, हे दृश्य त्यांनी आपल्या नाहीतर शेजारच्या घरात पाहिलेलं असणार. कदाचित तुमच्या सासरीही असं काही घडलेलं असेल आणि तुमच्यापर्यंत आलेलं नसेल. एखाद्या दुपारी सहज विचारा, "आई, तुमच्या वेळी कसं होतं हो?" आणि मग त्या बोलत असताना मध्ये बॅगेचा विषय काढू नका.

त्यांना नवं आणणं खटकतंय. मग जुनं चालेल का, ते विचारून बघा. आपल्याकडे कित्येक घरांत पहिल्या दिवशी बाळाला नातेवाइकांतल्या धडधाकट पोराचं वापरलेलं झबलंच घालतात. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची दुपटी तर सर्वांत उत्तम. वर्षानुवर्षं धुऊन त्यांतली खळ गेलेली, पक्का रंग काय तो उरलेला, कापड मऊ झालेलं. नव्या कोऱ्या, लेस लावलेल्या आणि मानेमागे टोचणाऱ्या लेबलाच्या फ्रॉकपेक्षा ते केव्हाही बरं. तेव्हा सरळ म्हणा, "आई, दुपट्यांचं तुम्हीच बघा, मला त्यातलं कळत नाही." दुपटी आठ-दहा, मागे किंवा बाजूला बंद असलेली झबली चार-सहा, लंगोट भरपूर, टोपरी दोन. त्यांनी फाडलेली, त्यांनीच घडी घातलेली दुपटी असली की नर्सनं मागितल्यावर त्यांचा हात बरोबर त्यावरच जाईल.

जुन्या कपड्यांबाबत एक मात्र आवर्जून पाहा. ते डांबराच्या गोळ्या टाकलेल्या ट्रंकेत राहिले असतील तर बाळाला घालू नका. त्या गोळ्यांत नॅप्थलीन असतं. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, आणि अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, कावीळ चढते. आपलं बाळ त्यातलं आहे का, हे चेहऱ्यावरून कळत नाही. तेव्हा गोळ्यांचा वास येणारं कापड बाजूलाच काढा. बाकीचं साध्या साबणानं धुऊन गच्चीवर वाळत घाला. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हाचा एवढा तरी फायदा करून घ्यावा.

समजा, एवढं करूनही त्या नाहीच म्हणाल्या. मग सोडून द्या. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत बाळाला लागतं ते तुमच्या उघड्या छातीवरचं ऊबदार अंग, पुसायला आणि गुंडाळायला कोरडं सुती कापड आणि डोक्याला टोपरं. पहिली अंघोळ तर 24 तास तरी घालू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे साबण-तेल-पावडर हा सगळा बाजार तूर्त नकोच. धुतलेल्या सुती कापडाचे चार मोठे तुकडे तुमच्या बॅगेत तुमचे म्हणून जाऊ शकतात. याला मी लपवाछपवी म्हणणार नाही.

आता तुमचे यजमान. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. रामदासपेठ-धंतोली हा भागच दवाखाने आणि औषधांच्या दुकानांचा. पॅड, डायपर, मग, टूथब्रश रात्रीही मिळेल. पण तुमचा पाचव्या महिन्यातला सोनोग्राफीचा रिपोर्ट कुठल्याही दुकानात मिळत नाही. तेव्हा फाइलीचं काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्या. 'मदत करा' असं म्हणू नका, कारण मग कागद तुम्हीच लावाल आणि ते प्लास्टिकची पिशवी धरून उभे राहतील.

फाइलीत सर्वांत वर एकच पान असावं, मोठ्या अक्षरात हातानं लिहिलेलं. नाव, वय, रक्तगट, प्रसूतीची तारीख, बीपी-साखर-थायरॉइड यांतलं काही असेल तर ते, चालू गोळ्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, डॉक्टरांचा नंबर आणि घरच्या दोघांचे नंबर. रात्री ड्यूटीवर असलेला डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतो. त्याला हे एक पान पन्नास कागदांपेक्षा जास्त कामाचं. त्याखाली शेवटची सोनोग्राफी, मग आधीच्या. मग रक्ताचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), साखर, थायरॉइड. अंगणवाडीतून किंवा सरकारी दवाखान्यातून माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं असेल तर तेही. दोघांची आधार कार्डं आणि प्रत्येकी दोन-तीन झेरॉक्स, विम्याचं कार्ड. सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून ते दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. आणि हो, फाइल आधीपासून गाडीच्या डिकीत नको. सोनोग्राफीचे ते चकचकीत फोटो उष्णतेवर चालणाऱ्या कागदावर छापलेले असतात, मेच्या उन्हात तापलेल्या गाडीत ते पार काळवंडतात.

काम झालं की नाही ते पाहायचं असेल तर एखाद्या रात्री जेवणं आटोपल्यावर त्यांना म्हणा, "एचआयव्हीचा रिपोर्ट काढून द्या बरं." मिनिटभरात निघाला तर फाइल तयार. नाही निघाला तर हसू नका, पुन्हा लावायला सांगा.

रक्तगटाचं थोडं जास्त सांगते. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत तुम्हाला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. पुढच्या बाळाच्या दृष्टीनं ते फार महत्त्वाचं आहे. तुमच्या ग्लानीच्या अवस्थेत ही आठवण करून देणारं माणूस बाहेर हवं, म्हणून हे यजमानांना ठाऊक असू द्या.

कंपनीचा विमा असेल तर दवाखाना कॅशलेसच्या यादीत आहे का आणि आधी किती दिवस कळवायचं, हे त्यांनी याच आठवड्यात विचारावं. खोलीच्या भाड्याची मर्यादाही विचारावी. पुष्कळ पॉलिसींमध्ये त्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्याचा फरक कापत नाहीत, डॉक्टरांच्या फीसकट बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. बाळाचं नाव पॉलिसीत घालायची मुदत कोणती, तेही त्याच फोनवर.

आता तुमची 62 वस्तूंची यादी. उरलेल्या 18 आणू नका, आणलेल्यांतल्या निम्म्या कमी करा. या याद्या बहुतेक अशा ठिकाणी बनलेल्या असतात जिथे बाई एकटी नवऱ्यासोबत गाडीत बसून दवाखान्यात जाते आणि तिसरं माणूस डबा घेऊन येत नाही. तुमच्याकडे नॉर्मल झाली तर एक-दोन दिवसांत, सिझेरियन झालं तर तीन ते पाच दिवसांत घरी. रोज कोणी ना कोणी मानेवाड्याहून येणारच आहे. सुगंधी मेणबत्ती, घरी जातानाचा फोटोसाठीचा ड्रेस, बाळाचे बूट यांना रजा द्या.

राहू द्या ते असं: पुढून उघडणारे सुती गाऊन तीन-चार, गडद रंगाचे. मोठ्या आकाराची सॅनिटरी पॅड, कारण पहिले दिवस रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त असतो आणि पुढे तो काही आठवडे थोडा थोडा चालतो. आतले कपडे एक माप मोठे आणि कमरेच्या वर जाणारे. सिझेरियन झालं तर नेहमीच्या कपड्यांचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर बसतं, आणि हे तिथे गेल्यावर कळून उपयोग नसतो. दूध पाजायला सोयीच्या ब्रा, एक जुनी सुती ओढणी, टॉवेल, न घसरणारी चप्पल, केस बांधायला रबर, लांब वायरचा चार्जर. आणि मोज्यांचा एक जोड. मे महिन्यात मोजे कशाला, असं सगळे म्हणतील. प्रसूती झाल्या झाल्या कित्येक बायकांना हुडहुडी भरते, दात वाजेपर्यंत, आणि वरून एसी चालू असतो. तेव्हा मोजे हवेसे वाटतात.

तुमची तारीख नवतप्यातली, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतली आहे. घराबाहेर पारा 45 च्या आसपास, खोलीत एसी, घरी आल्यावर कूलर. बाळाला एसीत टोपरं आणि एक दुपटं पुरे. "बाळाला वारा लागेल" म्हणून कुंची, स्वेटर, वर गोधडी असं गुंडाळणारी एक तरी आजी भेटायला येईलच, तिला गोडीत थांबवायचं काम सासूबाईंकडे द्या. कूलरचा झोत थेट अंगावर नको, एवढं सांभाळलं की झालं.

डोहाळेजेवणातला हिरवा चुडा हातात असेल. सलाइनची सुई मनगटाजवळ नाहीतर हाताच्या पाठीवर टोचतात, म्हणून एका हातातल्या बांगड्या तरी आधीच उतरवा. सिझेरियनला नेताना सगळंच काढायला लावतात. अंगठी आत्ताच काढा, शेवटच्या महिन्यात बोटं सुजतात आणि मग साबण लावूनही ती निघत नाही. नखांचं पॉलिशही पुसा. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजतात, त्यात रंगाचा अडथळा येतो. सोनं घरी.

दुधाचा डबा आणि बाटली बॅगेत असेल तर तीही घरी. बाळाला पहिल्या तासाभरात पाजायचं आणि सुरुवातीचा तो घट्ट पिवळसर चीक सगळा पोटात जाऊ द्यायचा. डबाबंद दुधाची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगीच नाही. काही कारणानं वरचं दूध लागलंच तर डॉक्टर लिहून देतील आणि तेव्हा यजमानांचं "सगळं भेटते" कामी येईल. मध चाटवणं, गुटी, गुळाचं पाणी यांतलं काही नको. मध तर वर्षभर नको, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. काजळाचं बोट तळपायाला लावून हौस भागवा, डोळ्यांत घालू नका.

एक पिशवी हमखास विसरली जाते, ती म्हणजे सोबतीला राहणाऱ्या बाईची. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा, चादर, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ. बाळंतिणीजवळ रात्रभर बसलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी दुपारी गरगरायला लागलं की सगळ्या घराची धावपळ होते. गोंदियाच्या आईला आत्ता बॅगेसाठी बोलवू नका, रेल्वेनं तीनेक तासांत त्या पोचतील. पहिली रात्र एकीची, दुसरी दुसरीची, असं त्या दोघींचं बोलणं तुम्हीच फोन लावून देऊन करवा. त्यांनी परस्पर ठरवावं, तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका.

डागा, मेयो किंवा मेडिकल या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत नाव घातलेल्या वाचकांसाठी: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त आणि तिथलं जेवण त्यातच येतं. घरून नेण्या-आणण्यासाठी 102 नंबरची गाडी आहे, तातडीच्या वेळी 108. पण बादली, मग, ताट-वाटी-पेला, जास्तीची चादर, नातेवाइकाला सतरंजी आणि पिशवीला छोटं कुलूप हे घरून न्या. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात, म्हणून स्वतःच्या नावाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स फाइलीत असू द्या. प्रसूतीच्या खोलीत सोबतीला एक बाई राहू देतात का, हे शेवटच्या तपासणीला विचारून ठेवा.

36 वा आठवडा लागेपर्यंत हे सगळं व्हावं. बॅगा दोन, दोन वेगळ्या रंगांच्या, बाहेरच्या दाराजवळ, हाताला येतील अशा. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाचं हलणं कमी वाटलं, डोकं फुटेल असं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बॅगेसाठी एक मिनिट थांबू नका. तशाच निघा, बॅगा मागून येतील. मानेवाडा रोडनं तुकडोजी पुतळ्यापर्यंतच गर्दीच्या वेळी किती वेळ जातो, ते तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक चिठ्ठी फाइलीत घाला. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, आणि त्याचा फॉर्म दवाखान्यात घाईत, बहुधा यजमानांकडून भरून घेतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो. आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव या क्रमानं लिहितात. तेव्हा आई-वडिलांची नावं आधारवर आहेत तशीच, इंग्रजी आणि मराठी दोन्ही स्पेलिंगांसह, चिठ्ठीवर लिहून ठेवा. तुमच्या आधारवर अजून माहेरचं नाव असेल तर कोणतं नाव लावायचं ते दोघांनी आत्ताच ठरवा. बाळाच्या नावाची जागा मात्र कोरी ठेवता येते, वर्षभरात ते नाव विनाशुल्क घालून मिळतं. बारशाआधीच "नाव सांगा, नाव सांगा" म्हणून काउंटरवर कोणी घाई केली, तर यजमानांनी हे सांगावं आणि सही करून मोकळं व्हावं.